मागच्या कठड्यावरचं फडकं

तिसरी घंटा झाली. पडदा वर जातो. रंगमंचावर तोकिवा-माची वस्तीचं सभागृह: घडीच्या वीसेक खुर्च्या, मधोमध रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर वाफ सोडणारी किटली, आणि भिंतीवर उन्हाळ्यातल्या उत्सवाचे कागदी कंदील, कुणी उतरवायचे यावर एकमत न झाल्यामुळे अजून लटकलेले. डिसेंबरची एक तारीख. बाहेर कुरायोशी गावावर आभाळ खाली उतरलंय.

पहिल्या रांगेत तपकिरी कोट घालून, पाठ न टेकता बसलेली बाई म्हणजे कुवाता शिगेनो. वय पंच्याहत्तर. गेली एकवीस वर्षं ती या वस्तीची मिन्सेई. या कामाला पगार नाही. मंत्र्यांच्या सहीचं नेमणूकपत्र, कोटाला लावायचा चिमुकला बिल्ला आणि दोनशे दहा घरं, एवढंच हातात पडतं. एकटे राहणारे म्हातारे, आजाऱ्याची उस्तवार करून थकलेल्या बायका, शाळेत न दिसणारी पोरं, कुणाचं कुठे अडलंय ते बघायचं, नगरपालिकेच्या योग्य खिडकीपर्यंत त्याला पोचवायचं आणि कानावर आलेलं पोटात ठेवायचं. दर तीन वर्षांनी डिसेंबरच्या पहिल्या तारखेला नेमणुका नव्या होतात. पंच्याहत्तरी गाठली की नाव पुढे जात नाही.

"कुवाता-सान नसत्या तर या वस्तीचं काय झालं असतं!" अध्यक्ष कुराशिमा म्हणाले. तेही ऐंशीचे, दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून अकरा वर्षं अध्यक्ष. "आता नव्या मिन्सेई-सान, इरिए नात्सुए-सान. टाळ्या!"

नात्सुए उठली. अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी, पायात लाल रबरी बूट. माहेर ओसाकाचं, नवऱ्याच्या गावी येऊन बारा वर्षं झाली, तरी आवाज ओसाकाच्या बाजारातलाच. पूर्वी वृद्धाश्रमांत जाऊन केस कापायची.

"मला काही येत नाही हो," ती म्हणाली, "पण बोलायला सांगा, थांबायला सांगावं लागेल!"

सभागृह हसलं. शिगेनोही हसली. पण एकवीस वर्षांत आपल्या बोलण्यावर हे सभागृह एकदाही असं हसलं नव्हतं, ही नोंद तिच्या मनानं त्याच क्षणी करून ठेवली.

खरं तर शिगेनो हसवणारी बाई नव्हतीच. तिचा बाप कापड रंगवायचा. बोटांना नीळ लागलेला आणि तोंडाला कुलूप असलेला माणूस. ती त्याच्यावर गेली होती. चोवीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात भात शिजवला. सोमवारी कोणतं पोर तीन वाट्या भात खातं, म्हणजे शनिवार-रविवारी त्याच्या घरी चूल पेटत नाही, हे तिला ताटं धुताना कळायचं. म्हणून तर वस्तीनं तिचं नाव पुढे केलं. एका हिवाळ्यात दोन लहान बहिणींना तिनं योग्य जागी पोचवलं. त्यातली धाकटी आता स्वतः परिचारिका आहे. दर शरदात सोललेल्या पर्सिमॉन फळांची माळ पाठवते. त्या कोणाच्या मुली, हे शिगेनोच्या नवऱ्यालाही अजून ठाऊक नाही. मिन्सेईनं पद सोडलं तरी गुप्तता सुटत नाही, असा नियमच आहे. शिगेनोला तो नियम म्हणून कधी जाणवला नव्हता. तो तिचा स्वभाव होता.

आणि याच गुणाची तिनं पुढे काठी केली.

दुसऱ्या दिवशी दोघी घरोघर निघाल्या. एकटे राहणारे चौदाजण. प्रत्येकाचं एक कार्ड. शिगेनो दार वाजवायची, वाकायची, "या माझ्या जागी," म्हणायची. आणि पाचव्या मिनिटाला नात्सुए कुणाच्या तरी गुडघ्यावर हात ठेवून बसलेली असायची. लाकूडवाला म्हातारा ताकेबे, ज्यानं शिगेनोला सहा वर्षं फक्त "हं" दिला होता, तो नात्सुएला आपल्या मेलेल्या कुत्र्याचे फोटो दाखवायला लागला.

"किती छान बोलतात ना तुमची माणसं!" नात्सुए वाटेत म्हणाली.

"तुमची," शिगेनो म्हणाली. "आता तुमची."

शेवटचं घर चढावाच्या टोकाला, शोगानजी देवळाच्या थडग्यांना पाठ लावून. मोरियासु हिदे, वय एक्याण्णव. एके काळी टोफूचं दुकान. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं एकटी. पहिली तीन वर्षं हिदे-साननं शिगेनोला दारच उघडलं नव्हतं. काचेमागून "बरं आहे, जा तुम्ही," एवढंच. शिगेनो जात राहिली. चौथ्या वर्षी दार सरकलं. तेव्हापासून पंधरा वर्षं शिगेनो आतल्या पायरीच्या कडेला टेकून दहा मिनिटं बसत आली होती. त्या पायरीपलीकडे, खोलीत, तिला कधी बोलावणं आलं नाही. तिनं मागितलंही नाही. ती पायरी तिला शौर्यपदकासारखी वाटायची.

त्या दिवशी हिदे-साननं दोघींकडे पाहिलं, मान हलवली, दार लावलं.

कार्डावर लिहिलं होतं: ऐकू कमी येतं. फोन उचलत नाही. पुतण्या हिरोशिमाला.

"कार्डावर नाही असं काही आहे?" नात्सुएनं विचारलं. "म्हणजे, ठीक आहेत की नाही हे रोजचं कळायचं कसं?"

कळायची एक खूण होती. ती एकट्या शिगेनोला ठाऊक होती. हिदे-सान रोज पहाटे पुढची पायरी ओल्या फडक्यानं पुसायची आणि ते फडकं मागच्या कठड्यावर वाळत घालायची. दुपारी तीनला काढायची. तो कठडा रस्त्यावरून दिसत नाही. फक्त थडग्यांमधल्या वाटेवरून दिसतो. शिगेनो रोज साडेसातला त्या वाटेनं जायची. फडकं दिसलं की हिदे-सान उठली, दिवस सुरू. कुणी ठरवलेलं नव्हतं. तिनं हे शोधून काढलं होतं.

"नाही," शिगेनो म्हणाली. "कार्डावर आहे तेवढंच."

घरी आल्यावर नवरा, तेइजो, वर्तमानपत्राआडून म्हणाला, "सुटलीस बुवा. उद्यापासून आठपर्यंत झोप."

दुसऱ्या दिवशी सातला ती कोट चढवत होती.

"कुठे?"

"चालायला."

"बर्फात? निवृत्त झालीस की हेर झालीस?"

"तुम्ही चहा घ्या."

तेइजोनं चाळीस वर्षं गावाची बस चालवली होती. कोणता प्रवासी कुठे उतरणार हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं. पण उतरायला लागणाऱ्याला त्यानं कधी अडवलं नव्हतं.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी फडकं जागेवर होतं, पण शिगेनोचा पाय आपसूक पुढच्या बाजूला वळला. काय बघायचं होतं, तिचं तिलाच माहीत. दार चार बोटं उघडं. आत, पायरीखाली, लाल रबरी बूट. जोडी उलटी वळवून, टाचा आत, नीट लावलेली, म्हणजे माणूस निवांत बसणार असल्याची खूण. आणि आतून हसू. नात्सुएचं नव्हे. हिदे-सानचं. शिगेनोनं अठरा वर्षांत ते ऐकलंच नव्हतं, त्यामुळे ओळखायलाच वेळ लागला.

"संत्री संपव," हिदे-सान म्हणत होती, "आणि पाय आत घाल गं, कोतात्सूतली ऊब बाहेर जातेय!"

कोतात्सू! रजई पांघरलेलं, पोटात शेगडी असलेलं ते बुटकं टेबल, ज्यात घरची माणसंच पाय घालतात. शिगेनोनं दाराच्या चौकटीचा आधार घेतला. तरुणपणी नवऱ्यावरूनही तिला असा मत्सर वाटला नव्हता. पंधरा वर्षं थंड पायरी, आणि ही नऊ दिवसांत रजईत!

दोन दिवसांनी नात्सुए स्वतःच घरी आली. हातात संत्र्यांची पिशवी, चेहऱ्यावर काळजी.

"कुवाता-सान, शिकवा हो मला. हिदे-साननी आत घेतलं खरं. त्यांच्या डोक्यावर कावळ्याचं घरटं झालं होतं. मी म्हटलं, कापू का? तर बसल्याच खाली! पण मी गुरुवारीच जाते. मधले सहा दिवस? फोन त्या उचलत नाहीत. तुम्ही कसं करत होतात? काहीतरी करतच असणार."

केस! शिगेनोला पंधरा वर्षं ते केस दिसत होते. त्याविषयी बोलणं तिला असभ्य वाटलं होतं.

"इरिए-सान," ती शांतपणे म्हणाली, "कामात कळलेलं बाहेर सांगायचं नसतं. पद सोडल्यावरसुद्धा. तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलं असेल."

नात्सुएनं तिच्याकडे पाहिलं. गुप्तता जगापासून असते, नव्या मिन्सेईपासून नाही, हे दोघींनाही माहीत होतं. नात्सुए खोल वाकली.

"खरंय. चुकलं माझं." संत्री ठेवून ती गेली.

पडद्याआडून तेइजो म्हणाला, "माणूस मागे धावत असताना तू दार लावून गाडी हाणलीस. माझ्या नोकरीत याबद्दल ताकीद मिळायची."

"तुम्हाला काय कळतंय!"

"काही नाही. म्हणून तर बोललो."

त्या संत्र्यांतलं एकही शिगेनोनं खाल्लं नाही. तेइजोनं सगळी खाल्ली आणि दर संत्र्याला "गोड आहे हां," असं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं.

जानेवारीच्या मध्यात रविवारी फडकं बघून परतताना देवळाच्या पायऱ्यांवर शिगेनोचा पाय सटकला. घोटा मोडला. डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे चालणं बंद केलं.

सोमवारी साडेसात वाजले. ती खिडकीशी बसून घड्याळाकडे बघत होती. तेइजोला पाठवता आलं असतं. पण मग खूण सांगावी लागली असती. नात्सुएला फोन करता आला असता, पण मग... छे! एक दिवसानं काय होतंय, ती स्वतःला म्हणाली. सोमवार असाच गेला. रात्रभर बर्फ पडला, पहाटे थांबला.

मंगळवारी सातलाच ती म्हणाली, "अहो, एक काम कराल? प्रश्न न विचारता?"

"चाळीस वर्षं प्रवाशांनी मला हेच शिकवलंय."

तिनं थडग्यांची वाट सांगितली, कठडा सांगितला. तेइजो अर्ध्या तासानं आला, बुटांवरचा बर्फ झटकत.

"आहे तुझं फडकं."

"आहे?" तिनं श्वास सोडला.

"आहे म्हणजे काय, वाळवलेल्या माकुळासारखं कडक झालंय! वर चार बोटं बर्फाची टोपी. त्यानं कुणाच्या डोक्यात मारलं तर खून होईल."

बर्फ पहाटेच थांबला होता. आज घातलेल्या फडक्यावर बर्फाची टोपी येईलच कशी? ते फडकं कालचं होतं. काल तीन वाजता ते कुणी काढलंच नव्हतं.

तिनं फोन उचलला. नंबर तिला पाठ होता. शत्रूचे नंबर पाठच असतात.

"इरिए-सान, मी कुवाता. हिदे-सानकडे जा, आत्ता. पुढून दार वाजवू नका, देवळाच्या थडग्यांतून मागे जा. कठड्यावर फडकं आहे. ते रोज तीनला आत जातं. काल गेलेलं नाही. ही खूण मला पहिल्यापासून माहीत होती. मी तुम्हाला सांगितली नाही. जा!"

पलीकडून फक्त बूट चढवल्याचा आवाज, आणि दार.

पुढचा पाऊण तास तेइजोनं रेडिओ लावला नाही, वर्तमानपत्र उघडलं नाही. शिगेनो कुबडी टेकून उभीच राहिली, जणू बसली तर खाली काहीतरी पडेल. मग चढावावरून रुग्णवाहिकेचा भोंगा उतरत आला आणि दूर गेला.

संध्याकाळी, नगरपालिकेच्या भोंग्यांवरची रोजची पाचची धून गावभर वाजत असताना, नात्सुए आली. नेहमीसारखी आत न शिरता दारातल्या पायरीवर बसली, बरोबर तशी, जशी शिगेनो पंधरा वर्षं बसत आली होती.

"आहेत. जिवंत आहेत," ती म्हणाली. "मागचं दार सताड उघडं. काल सकाळी तिथेच घसरल्या, कंबरेचं हाड चिरलंय. फोनपर्यंत जाता येईना. पण बाई बघा, सरपटत कोतात्सूत शिरल्या आणि रजईत पडून राहिल्या! डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर... माझा गुरुवार होता. परवा."

शिगेनो दोन्ही हात जमिनीला टेकून वाकायला गेली. प्लास्टरमुळे ते धड जमलं नाही.

"मी नियमाचं नाव सांगितलं. नियम नव्हता तो. मला तुमचा मत्सर वाटत होता. नऊ दिवसांत तुम्ही कोतात्सूत पोचलात."

"माहीत होतं मला," नात्सुए म्हणाली.

"माहीत होतं?"

"अहो ताई, मी बायकांचे केस कापत आयुष्य काढलंय. कोण कुणावर जळतंय हे मानेच्या मागून कळतं! आणि मी काय कमी जळत होते? जाईन त्या घरी आपलं 'कुवाता-सान कागद असा दुमडायच्या', 'कुवाता-सान पावसातसुद्धा यायच्या'. तो ताकेबे, कुत्र्याचे फोटो दाखवतो ना, तो काय म्हणाला माहितेय? 'तुम्ही बोलता छान, पण त्या गप्प छान बसायच्या.' घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, गप्प बसायचा क्लास असतो का कुठे?"

आतून तेइजोचा आवाज आला: "असेल तर दोघीही जा!"

त्या संध्याकाळी शिगेनोनं चौदाही घरांचं, कार्डावर न मावणारं सगळं सांगितलं. कुणाचा दिवा कधी लागतो, कुणाला डाव्या कानाशी बोलायचं, कुणाच्या दारातली दुधाची बाटली दहापर्यंत बाहेर राहिली तरी घाबरायचं नाही. नात्सुए लिहू लागली तेव्हा तिनं तिचा हात धरला. "लिहू नका. डोक्यात ठेवा." मत्सर गेला होता का? छे. प्रत्येक घर हातातून सुटताना दात उपटल्यासारखं होत होतं. पण ती थांबली नाही.

फेब्रुवारीत दोघी इस्पितळात गेल्या. एक कुबडीवर, एक लाल बुटांत. हिदे-सान उशीला टेकून बसली होती, केस नीट कापलेले.

"सोमवारी तुमचा कोट आला नाही," ती शिगेनोला म्हणाली.

"माझा कोट?"

"तो तपकिरी. थडग्यांमध्ये, साडेसातला. मी वरच्या खिडकीतून बघते ना रोज. मला वाटलं, काम सोडलं तरी बाई येतेय, मग पायरी पुसायलाच हवी. सोमवारी फडकं घातलं, वाट बघितली, कोट नाही. म्हणून कठड्यावरून वाकून बघायला गेले. आणि आडवी झाले."

इतकी वर्षं शिगेनो त्या घरावर नजर ठेवत होती, आणि घर तिच्यावर.

"मग मला कधी आत का बोलावलं नाहीत?" शेवटी तिनं विचारलंच. पंधरा वर्षांचा प्रश्न तो, इस्पितळात बाहेर पडला.

हिदे-साननं थोडा विचार केला. "तुम्ही आलात की मला टोफूवाल्यांची मालकीण व्हावं लागायचं. पाठ ताठ, पायरी पुसलेली. आतला पसारा तुम्हाला कसा दाखवणार? ही आली की," तिनं नात्सुएकडे हनुवटी उडवली, "म्हातारी असले तरी चालतं. हिच्यासाठी मी पायरी कधीच पुसली नाही."

"ऐकलंत!" नात्सुए म्हणाली. "माझ्यासाठी फडकंसुद्धा ओलं होत नाही!"

शिगेनो ते वाक्य घरी घेऊन आली आणि बरेच दिवस उलटसुलट करून बघत राहिली. मान मिळाला होता तिला, ऊब नाही; नात्सुएला ऊब मिळाली होती, मान नाही. कोणतं मोठं, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पण नात्सुएला दोन्ही मिळालेली नाहीत, या विचारानं तिला झोप बरी लागायची, हेही खरं.

मार्चअखेर हिदे-सान घरी आली. नगरपालिकेनं मागच्या दाराशी आणि न्हाणीत धरायला दांड्या बसवून दिल्या. तो अर्ज नात्सुएनं भरला होता आणि शिगेनोनं तपासला होता, तीन चुका काढून. गुरुवारी दोघी बरोबर चढ चढल्या. कठड्यावर फडकं होतं, ओलं.

नात्सुएनं बूट काढले आणि तरातरा आत गेली. शिगेनो सवयीनं पायरीच्या कडेला टेकली.

"कुवाता-सान," आतून हिदे-सान ओरडली, "तिथे काय बसलात? आज पायरी पुसलीय ती तुमच्यासाठीच, पण आत पसारा आहे, सांगून ठेवते!"

शिगेनो उठली. शूज काढले, टाचा आत वळवून नीट लावले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती पायरी ओलांडली. खोलीत खरंच पसारा होता: वर्तमानपत्रं, औषधाच्या पिशव्या, टोफू गाळायच्या जुन्या झोळ्या. मधोमध कोतात्सू. हिदे-सानच्या शेजारची बाजू, जिथून तिचा चेहरा नीट दिसतो आणि चांगला कान जवळ येतो, तिथे नात्सुए ऐसपैस पाय पसरून संत्रं सोलत बसली होती. शिगेनोनं एकदा त्या बाजूकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि प्लास्टर निघालेला पाय रजईच्या कडेशी टेकवून म्हणाली:

"सरका जरा, इरिए-सान. त्या बाजूला मी बसणार."